काळेवाडीच्या आमराईतले पिंजरे

पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता, तेव्हाची गोष्ट. नगर, सातारा, बीडकडची माणसं कामासाठी येत होती आणि कारखान्याच्या पासाला लावायला त्यांना फोटो लागत होते. मीही नगर जिल्ह्यातलाच. पुण्यात एका फोटोग्राफरच्या हाताखाली चार वर्षं काढली आणि लग्न झाल्यावर चिंचवड स्टेशनासमोर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पुढच्या खोलीत कॅमेरा आणि एक खुर्ची, मागच्या खोलीत संसार आणि कोपऱ्यात काळी चादर लावून केलेली डार्करूम. वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता. म्हणून मी खिडकीच्या उजेडावर काम करायला शिकलो. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की त्याच्या नाकाच्या सावलीवरून किती वेळ लेन्स उघडी ठेवायची हे मला कळायचं.

पासाच्या फोटोंखेरीज दुसरं काम मिळायचं ते मयताचं. घरात कोणी गेलं आणि त्याचा एकही फोटो नसला, तर माणसं धावत येऊन मला घेऊन जायची. गेलेल्या माणसाला भिंतीशी टेकवून बसवलेलं असायचं, डोक्याला टोपी किंवा फेटा घातलेला. पहिल्या वेळी मी लेन्सचं झाकण काढायलाच विसरलो होतो. पुढे सवय झाली आणि एक गोष्ट ध्यानात आली. जिवंत माणूस कितीही ताठ बसला तरी श्वासाने थोडा हलतो, त्यामुळे फोटोत कुठेतरी मऊपणा येतो. मेलेल्याच्या मिशीचा केस न् केस मोजता येतो.

सुकलेले फोटो दोरीवरून काढून लावून ठेवायचं काम माझ्या बायकोकडे होतं. मयताचा फोटो ती कधी बाकीच्यांत मिसळू द्यायची नाही. फळीवर एका पितळी ताटलीत तो वेगळा ठेवायची आणि त्यावर तुळशीचं पान. घरची माणसं येऊन घेऊन जाईपर्यंत तो तिथेच राहायचा. असं कर म्हणून मी तिला कधी सांगितलं नव्हतं आणि का करतेस असंही विचारलं नव्हतं.

पौष महिन्यात एक दिवस एक उंच, जड अंगाचा माणूस दुकानात आला. सांगलीकडचा होता. आयुष्यभर सर्कशीत काढलं होतं, आणि सर्कस मोडल्यावर उरलेली जनावरं घेऊन तो गावोगाव दाखवत फिरायचा. आता तेही जमेना. त्याने नदीपलीकडे काळेवाडीच्या आमराईत पिंजरे आणून ठेवले होते, कारण त्याच्या जुन्या राखणदाराच्या भावाची ती आमराई होती. दुसऱ्या प्रांतातली एक सरकारी प्राणीबाग सगळी जनावरं एकदम घ्यायला तयार होती. त्यांना आधी प्रत्येक जनावराचा फोटो हवा होता, अंगावरचे पट्टे-ठिपके आणि तोंड स्पष्ट दिसेल असा.

मी म्हणालो, झाडाखालच्या पिंजऱ्यात फ्लॅशचा दिवा लागेल. त्याने मान हलवली. मिरजेला एका फोटोग्राफरने तसा दिवा उडवला होता, तेव्हा वाघिणीने गजांना धडक देऊन सुळा तोडून घेतला होता. जो काही उजेड देव देईल त्यावर काढा, असं त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेऱ्याची पेटी सायकलला बांधून निघालो. तेव्हा पवना नदीला पिंपरीच्या पुढे उतार होता. गुडघाभर पाण्यातून सायकल हाताने ढकलत पलीकडे गेलो. धुकं इतकं होतं की नदीचा दुसरा काठ पाण्यात पाय टाकल्यावर दिसू लागला. आमराई लांबून काळी भिंत वाटत होती. जवळ गेल्यावर आधी वास आला, ओल्या पेंढ्याचा आणि शिळ्या मांसाचा, आणि मग आवाज. लोखंडावर काहीतरी घासत जात होतं, थांबत होतं, परत येत होतं. बराच वेळ ऐकल्यावर कळलं की त्यात एक ठेका आहे. सहा पावलं, मग वळण, मग सहा पावलं.

राखणदार शेकोटीपाशी बसला होता. साठीचा, वाळका माणूस. डाव्या हाताची दोन बोटं अस्वलाने नेली होती. तरुणपणी काळेवाडीहून पळून सर्कशीत गेलेला, आणि आता जनावरांसकट गावी परतलेला. तो म्हणाला की हा आवाज बिबट्याचा. रात्रंदिवस चालतो, झोपतो कधी ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आमराईतला उजेड ही एक शिक्षाच होती. धुकं असेतो सगळीकडे सारखा, पण इतका मंद की लेन्स दोन-तीन सेकंद उघडी ठेवावी लागे. धुकं विरलं की पानांतून कवडसे पडत. मग जनावराची पाठ पांढरी पेटलेली आणि तोंड काळ्या सावलीत. बिबट्यावर कवडसे पडले की त्याचे ठिपके कुठले आणि उन्हाचे कुठले तेच कळत नसे. त्यात पुढे गज. मी कॅमेरा तिवईवर ठेवला, काळ्या कापडात डोकं घातलं आणि काचेवर पाहिलं. काचेवर सगळं उलटं दिसतं. झाडं खाली, माती वर, आणि त्या मातीला लटकून बिबट्या जात-येत होता.

अस्वल, तरसाची जोडी, अजगर आणि वानरं त्या आठवड्यात फोटोत कशीबशी आली. अस्वल तर कॅमेऱ्याकडे एकटक बघत बसायचं. बिबट्या मात्र येईना. पाच वेळा काढला. धुक्यात तीन सेकंदांचा जो फोटो घेतला त्यात पिंजरा नीट आला, गज आले, पेंढा आला, मागच्या फळीवरचे खिळेसुद्धा आले. आत जनावर नव्हतं. चालत राहिल्यामुळे ते कुठेच टिपलं गेलं नव्हतं. फक्त पिंजऱ्याच्या दोन्ही टोकांना, जिथे वळताना ते क्षणभर रेंगाळायचं, धुरासारखं एकेक तोंड उमटलं होतं आणि त्यात डोळे.

असं का होतं ते मला ठाऊक होतं. गुरूने शिकवलेलं होतं. तरी तो फोटो हातात घेऊन मी रस्त्यावर, माणसांत, जाऊन उभा राहिलो.

राखणदाराला तो दाखवला तेव्हा तो हसेल असं वाटलं होतं. त्याने शेकोटीच्या उजेडात फोटो वाकडा-तिकडा करून पाहिला आणि म्हणाला, "बराबर हाय. तो हितं नसतोयच."

वाघीण शेवटच्या पिंजऱ्यात होती, बिबट्याच्या शेजारी. म्हातारी झाली होती. ती चालायची नाही, पण सारखी मान डोलवायची, गावातली म्हातारी माणसं देवळात बसून डोलतात तशी. तिचेही चार फोटो वाया गेले. अंगावरचे पट्टे पाण्यात कालवल्यासारखे यायचे. जनावरांचा मालक, तो सांगलीकडचा, रोज संध्याकाळी तिच्या पिंजऱ्याला टेकून बसलेला असायचा. ती बच्चा असताना तिची आई मेली होती, तेव्हा त्याने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं, असं राखणदाराने मला सांगितलं होतं. मालक स्वतः त्याबद्दल बोलत नसे.

आठव्या की नवव्या दिवशी मालकाचा निरोप आला. उद्या उजाडताच या, वाघीण शांत पडलेली असेल.

मी पोचलो तेव्हा धुकं अजून जमिनीला टेकलेलं होतं. नेहमीचा तो घासत जाणारा आवाज कानावर आला नाही. आमराईत शिरलो तरी नाही. पानांवरून दव टपकत होतं, तेवढंच. वानरं एका कोपऱ्यात एकमेकांना धरून बसली होती. राखणदार दिसला नाही, शेकोटीही पेटवलेली नव्हती. मालक एकटाच उभा होता, अंगावर घोंगडी. वाघिणीचा पिंजरा झाडाखालून थोडा मोकळ्यावर ओढून आणला होता आणि आत नवा पेंढा टाकला होता. तिला औषध दिलंय, फार जवळ जाऊ नका, एवढंच तो म्हणाला.

ती पुढच्या पंजांवर हनुवटी टेकवून पडली होती, तोंड माझ्याकडे. डोळे अर्धे उघडे. उजेड असा होता की मी आजवर तसा पाहिला नव्हता. धुक्यातून चारी बाजूंनी सारखा येणारा, कुठे सावली नाही, कुठे चमक नाही. पट्टे शाईने काढल्यासारखे दिसत होते. मला फक्त एकच सुचलं, की अशी संधी पुन्हा मिळायची नाही. मी घाईने तिवई रोवली. काळ्या कापडाखाली काचेवर ती उलटी दिसली तेव्हा क्षणभर काहीतरी खटकलं. काय ते कळलं नाही. मी लेन्स उघडली आणि मनात सहापर्यंत मोजलं. ती हलली नाही. खात्रीसाठी आणखी एक घेतला, आठ सेकंदांचा. तेव्हाही नाही.

सामान आवरताना माझं लक्ष शेजारी गेलं. बिबट्या थांबला होता. पिंजऱ्याच्या पलीकडच्या टोकाला, वाघिणीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, तो चारी पाय रोवून उभा होता आणि तिच्याकडे बघत होता. नाकातून वाफ येत होती. मी तिवई वळवून त्याचा फोटो घेतला. लेन्स उघडी असेपर्यंत त्याने शेपूटसुद्धा हलवली नाही.

मालकाने फोटो कधी मिळतील असं विचारलं. उद्या, असं म्हणून मी निघालो. इतका खूश होतो की नदीचं पाणी गार लागलं नाही.

दुपारी डार्करूममध्ये बसलो. लाल दिव्याखाली, थाळीतल्या पाण्यात, वाघीण हळूहळू वर आली. आधी डोळे, मग पट्टे, मग मिशा. माझ्या हातून इतका सुरेख फोटो झाला नव्हता. वाघिणीचे दोन्ही आणि एक बिबट्याचा असे तीन फोटो मी दोरीवर टांगले आणि कारखान्याच्या पासांचं राहिलेलं काम करायला पुढच्या खोलीत गेलो. वाघिणीला औषध दिलंय वगैरे काही मी घरात बोललो नव्हतो.

दिवेलागणीला मागे आलो तर दोरीवर बिबट्या एकटाच होता. बायकोला विचारलं. तिने पोळ्या लाटता लाटता फळीकडे बोट केलं. वाघिणीचे दोन्ही फोटो पितळी ताटलीत होते आणि वर तुळशीचं पान.

"हे तिथे का ठेवलेस?" मी विचारलं.

तिने वर पाहिलं. "अहो, मेलेली नाही का ती?"

मी तिच्यावर रागावलो. काय बोललो ते आठवत नाही. मग फोटो उचलले, दिवा जवळ घेतला आणि भिंग काढलं. वाघिणीच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून खाली पेंढ्यापर्यंत एक बारीक करडा धागा गेला होता. मला वाटलं निगेटिव्हवर ओरखडा पडला असेल. दुसरा फोटो पाहिला. त्यातही तोच धागा होता, त्याच जागी, थोडा जाड. पेंढ्यावरून तो गजावर चढला होता आणि पिंजऱ्याच्या कडेने पुढे गेला होता. ओरखडा कधी गजावरून वळून जात नाही. त्या मुंग्या होत्या. चालत होत्या म्हणून त्यांची रेघ झाली होती. त्यांची रांग उघड्या डोळ्यातून येत होती आणि आठ सेकंदांत ती पापणी मिटली नव्हती.

मला कळलं की सकाळी काचेवर काय खटकलं होतं. बिबट्याच्या नाकातून वाफ येत होती. तिच्या नाकातून येत नव्हती. इतक्या मयतांचे फोटो काढलेला मी, आणि चांगल्या उजेडाच्या नादात ते बघितलं नाही.

रात्र वाईट गेली. मी सरळ तर्क केला की मालक सरकारी बागेला फसवणार. मेलेली वाघीण जिवंत म्हणून दाखवून सौदा पक्का करणार आणि फसवणुकीत माझा हात असणार. बायको म्हणाली, तुम्ही जाऊन नीट विचारा तरी. सकाळी मी बाकीचे फोटो पाकिटात घातले आणि वाघिणीचे दोन्ही वेगळे, कोटाच्या आत. ते द्यायचे नाहीत असं ठरवूनच निघालो.

आमराईत राखणदार होता. त्याच्या हातांना कोपरापर्यंत माती होती. झाडांच्या मागे ताजी माती ओढलेला मोठा उंचवटा दिसत होता. मालक एका पेटीवर बसला होता. मी आवाज चढवूनच बोललो. अशा कामात मी पडणार नाही, बागवाल्यांना पत्र लिहीन, असं सगळं.  माझं संपल्यावर त्याने फक्त हात पुढे केला, आणि का कोण जाणे, मी कोटातून फोटो काढून त्याला दिले.

तो बराच वेळ बघत राहिला. मुंग्यांची रेघ त्याला लगेच दिसली असावी, कारण त्याने अंगठा बरोबर तिच्यावर ठेवला आणि अंगठा ठेवूनच बाकीचा फोटो पाहिला.

"बागेला हा पाठवायचा नाही," तो म्हणाला. "पाकिटात तिची जागा रिकामी ठेवा. मी त्यांना परवाच कळवलंय." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मेली आहे असं सांगितलं असतं तर तुम्ही मेलेली वाघीण काढली असती. मला ही हवी होती."

मला मान वर करता येईना. इतक्या घरांतून मी मयतांचे फोटो काढले होते. पण तिथे मला कोणी खोटं सांगितलं नव्हतं, आणि हे खोटं बोलायला त्याला किती जड गेलं असेल ते आत्ता कळत होतं. राखणदाराने मग सांगितलं, तिने फोटोच्या आदल्या दिवशी संध्याकाळीच मान टाकली होती. रात्रभर तो आणि राखणदार पिंजऱ्यात तिच्याजवळ बसले होते आणि ताठ व्हायच्या आत त्यांनी तिचे पंजे तसे लावले होते. पहाटे राखणदार निघून गेला, कारण त्याला फोटो काढताना तिथे थांबायचं नव्हतं.

मी दोन्ही फोटो त्याच्या हातात राहू दिले आणि बाकीचं काम पुढे नेलं. तरसाचा एक फोटो पुन्हा काढायचा होता, त्यासाठी आणखी तीन-चार दिवस जावं लागलं. त्या दिवसांत आमराई मला आधीपेक्षा जास्त जड वाटायची. बिबट्या पुन्हा चालू लागला होता, पण पूर्वीची सहा पावलं राहिली नव्हती. तो चार पावलं टाकायचा आणि वळायचा. रिकाम्या पिंजऱ्याच्या बाजूचा तुकडा तो सोडून द्यायचा. आणि राखणदार रोज सकाळी सगळ्यांबरोबर त्या रिकाम्या पिंजऱ्यातही पाण्याचं घमेलं ठेवायचा. मी विचारलं तर म्हणाला, पाणी कमी होतंय. खारी पीत असतील किंवा पाखरं, असं मी म्हणालो. त्याने घमेलं पुन्हा काठोकाठ भरलं.

शेवटच्या दिवशी त्याने मला बाजूला घेतलं. त्याला एक फोटो हवा होता, त्या रिकाम्या पिंजऱ्याचा. बिबट्याचा काढला होता तसा, लांबण लावून, लेन्स बराच वेळ उघडी ठेवून. तुमच्या पेटीला आमच्यापरीस जास्त दिसतं, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला समजावण्यात अर्थ नव्हता आणि खरं सांगायचं तर मला ते धैर्यही नव्हतं. धुक्यात मी तिवई लावली, लेन्स उघडली आणि सहापर्यंत मोजलं. चारनंतर माझे आकडे अडखळले. शेजारी बिबट्या वळला, पुन्हा वळला. कापडाखालून डोकं बाहेर काढायला मला नको वाटत होतं.

त्या दुपारी पुऱ्या अंधारात एकटं बसायला नको वाटलं, म्हणून डार्करूमचा पडदा मी पूर्ण ओढला नाही. कागद थाळीत टाकला आणि वाट पाहिली. गज आले, पेंढा आला, घमेलं आलं. घमेल्यातलं पाणी पांढरं आलं. त्यापलीकडे काही आलं नाही. कागद काळा पडायला लागेपर्यंत मी तो पाण्यात ठेवला होता.

राखणदाराने तो फोटो बराच वेळ पाहिला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, बोटाने. मग मला परत दिला.

"गेली म्हणायची मग," तो म्हणाला. त्याने जाऊन घमेलं उलटं केलं आणि पिंजऱ्याबाहेर ठेवलं.

महिन्याभरात तीन ट्रक आले आणि जनावरं गेली. मालक त्यांच्याबरोबर गेला आणि परत आला नाही. नंतर कोणीतरी सांगितलं की तो सांगलीला भावाकडे राहतो.

राखणदार गावीच राहिला. चार वर्षांनी नदीच्या अलीकडे आणखी एक कारखाना आला, तेव्हा तो फाटकावर लागला आणि पासाच्या फोटोसाठी माझ्याकडे आला. खाकी कपडे त्याच्या अंगाला मोठे होत होते. मी त्याला खुर्चीवर बसवलं. बोलता बोलता त्याने सांगितलं की गेल्या दिवाळीत तो आगगाडीने ती सरकारी बाग बघून आला. बिबट्या होता. मोठा पिंजरा होता, आत झाडही होतं. पुढे पोराबाळांची गर्दी होती, म्हणून तो मागेच उभा राहिला, दुपारपर्यंत.

मी विचारलं, इतक्या लांब गेलात, मग पुढे का गेला नाहीत.

त्याने खिडकीकडे पाहिलं. "गेलो आस्तो आन् त्यानं वळखलं आस्तं, तर?" तो म्हणाला. "मंग मला परत येता आलं नसतं, राव."

मग त्याने टोपी नीट केली आणि मांडीवर दोन्ही हात ठेवून बसला. मी त्याला म्हणालो, श्वास घेत राहा. आणि फोटो काढला.